‘नोंद आढळली नाही’ म्हणजे ‘नाही’ का? संगणकाच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान असावे की नसावे

तेरणाकाठ, लातूर

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात तत्त्वज्ञानाला, निदान त्यातील ज्ञानमीमांसेला (आपल्याला काय आणि कसे कळते याचा विचार करणाऱ्या शाखेला), एका सत्राची जागा मिळाली पाहिजे असे माझे मत आहे आणि ते येथे चर्चेसाठी मांडत आहे. या मागणीचे समर्थन करताना बहुतेक जण इतिहासाचा आधार घेतात: गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी 1854 मध्ये तर्काचे बीजगणित मांडले, यंत्राला विचार करता येईल का हा ट्युरिंग यांचा 1950 चा लेख ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, इत्यादी. हा इतिहास खरा आहे; पण केवळ त्यावर मागणी उभी करणे म्हणजे आजोबा पैलवान होते म्हणून नातवाला तालमीत धाडणे होय. माझे कारण आजच्या कामातले आहे.

संगणकीय व्यवस्थेपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला वारंवार मिळणारे उत्तर ‘नोंद आढळली नाही’ किंवा ‘जुळले नाही’ असे असते. हे वाक्य शोधाविषयी बोलते. ज्याचा शोध घेतला त्याविषयी ते अजून काहीच बोललेले नसते. तरीही ते पडद्यावरून काउंटरवर येईपर्यंत त्याचा अर्थ ‘नाही’ असा होऊन जातो, आणि मधल्या मधे हा बदल कोणी केला हे विचारायला गेले तर कोणाचेच नाव निघत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या महिलेचे उदाहरण घ्या. हंगाम आटोपून ती गावी परतते तेव्हा कोयत्याच्या मुठीने आणि पाचटाने तिच्या बोटांची कातडी झिजलेली, चिरलेली असते. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्राच्या काचेवर ती अंगठा ठेवते. ठशातील रेषा कोठे संपतात आणि कोठे फुटतात ते बिंदू टिपले जातात, पूर्वी नोंदवलेल्या ठशाशी त्यांची तुलना होऊन साम्याचा एक अंक निघतो, आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर उत्तर ‘नाही’ असे येते. मोजले गेले ते साम्य, आणि परत पाठवली गेली ती बाई.

पावसाचेही तेच. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या एका प्रचलित प्रकारात नरसाळ्याखाली एक लहानशी वाटी असते. ती ठरावीक पाण्याने भरली की उलटते आणि प्रत्येक उलटण्याची नोंद होते. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर वाटी उलटतच नाही, आणि सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभे असताना तक्त्यात 0 लिहिला जातो. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला गेला नाही, या दोन्ही गोष्टींसाठी एकच आकडा.

हा पेच संगणकाने निर्माण केलेला नाही. न दिसण्यावरून नसणे केव्हा सिद्ध होते, यावर आपल्याकडील दर्शनकारांनी शतकानुशतके वाद घातला आहे. कुमारिलभट्टाला मानणाऱ्या भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांना, ते वेगळे मानण्याचे कारण वाटत नव्हते, कारण त्यांच्या मते अभाव हा प्रत्यक्षानेच कळतो. पण प्रमाण मानणाऱ्यांनीही त्याला अट घातली होती: वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. या अटीसह असलेल्या न दिसण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. लख्ख उजेडात जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही. काळोखात हाच निष्कर्ष काढता येत नाही. आता दुकानातील प्रसंगाला ही अट लावून पाहा. ती बाई खरोखर तीच असती तर ठसा जुळलाच असता, असे म्हणता येते का? येत नसेल, तर न जुळण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आमचे विद्यार्थी चार-पाच प्रोग्रामिंग भाषा शिकून बाहेर पडतात, पण ‘मिळाले नाही’ येथून ‘नाही’ येथपर्यंत जाताना कोणती अट पुरी व्हावी लागते, हा प्रश्न त्यांच्या कानावर कधी पडत नाही.

जालना_पॅनेलवाला

दोन्ही उदाहरणे पटली, निष्कर्ष मुळीच पटला नाही. ही सदोष रचनेची उदाहरणे आहेत आणि रचना सुधारणे हे अभियंत्याचे काम आहे. त्यासाठी मीमांसकांच्या दारी जाण्याची गरज नाही.

मी रोलिंग मिलमधील पॅनेल आणि पीएलसीची (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाची) कामे करतो. तुम्ही ज्याला पेच म्हणता तो आमच्याकडे केव्हाच सुटलेला आहे. तापमान किंवा दाब मोजणाऱ्या उपकरणाचा संकेत 4 ते 20 मिलिअँपिअर असा ठेवतात. मोजपट्टीवरचे शून्य 4 वर असते, 0 वर नसते. तार तुटली की प्रवाह 0 होतो, आणि पॅनेलला लगेच कळते की तापमान शून्य झालेले नाही, तारच तुटलेली आहे. म्हणजे ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ यांच्यासाठी आम्ही दोन वेगळी चिन्हे ठेवतो. तसेच स्टॉप बटणाचे. ते एनसी घेतात, म्हणजे बटण दाबलेले नसताना त्यातून वीज वाहत असते आणि दाबले की ती खंडित होते. उंदराने केबल कुरतडली तरी मोटार थांबते, कारण तुटलेली तार आणि दाबलेले बटण यांचा परिणाम मुद्दाम एकच ठेवलेला असतो. बटण उलट प्रकारचे घेतले असते तर कुरतडलेल्या केबलचा पत्ता लागला असता तो कोणाचा हात रोलमध्ये गेल्यावर. हे शहाणपण कोणत्याही दर्शनातून आलेले नाही. ते मोटारी जळून आणि माणसांची बोटे जाऊन आलेले आहे.

संगणकही असाच गरजेतून जन्मला. एनिअ‍ॅक बांधला गेला तो तोफांच्या माऱ्याचे तक्ते लवकर हाती यावेत म्हणून, आणि कोलोसस बांधला गेला तो जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी. तुमच्या पर्जन्यमापकाला नरसाळ्यावर जाळी बसवा आणि दर तासाला ‘मी चालू आहे’ असा संकेत पाठवायला लावा. प्रश्न मिटला.

पूर्णाकाठ, परभणी

प्रश्न मिटलेला नाही. दर तासाला येणारा संकेत फक्त एवढेच सांगेल की संकेत पाठवणारा भाग जिवंत आहे. नरसाळे मोकळे आहे की तुंबलेले आहे, हे तो सांगणार नाही. तुंबलेला पर्जन्यमापक वेळच्या वेळी ‘मी चालू आहे’ म्हणत राहील आणि 0 पाठवत राहील. तुमच्या मिलमध्येही तार शाबूत असून टोकाचा सेन्सर मळीने माखला असेल तर संकेत 4 ते 20 च्या आतच येईल आणि तरी चुकीचा असेल. म्हणजे दोन चिन्हांनी एका प्रकारचे अज्ञान पकडले, पुढचे तसेच राहिले. ‘कोणकोणत्या कारणांनी न दिसणे संभवते’ याची यादी संपवल्याशिवाय ‘नाही’ म्हणता येत नाही, हे मूळ लेखकाचे म्हणणे तुमच्याच उदाहरणाने बळकट होते.

शिवाय कारागीर आणि विचारवंत अशी जी भिंत तुम्ही उभी केली आहे ती इतिहासाला धरून नाही. लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या शिडीसारख्या आराखड्यात, एकापुढे एक ठेवलेले कॉन्टॅक्ट ‘आणि’ होतात, समांतर ठेवलेले ‘किंवा’ होतात. रिलेंच्या (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या) जोडणीला बूल यांचे बीजगणित तंतोतंत लागू पडते हे क्लॉड शॅनन यांनी 1937 मध्ये एमआयटीतील पदव्युत्तर प्रबंधात दाखवले. आणि शॅनन यांची बूलशी ओळख झाली होती ती मिशिगन विद्यापीठात, तत्त्वज्ञानाच्या एका वर्गात. तो वर्ग त्यांनी चुकवला असता तर काय झाले असते यावर मी पैज लावणार नाही, पण तो चुकवला नाही एवढे नक्की.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट संगणकाच्या पायातच आहे. तर्कातील कोणतेही विधान सिद्ध होते की नाही हे ठरवणारी यांत्रिक रीत असू शकते का, असा गणितज्ञ हिल्बर्ट यांचा 1928 चा प्रश्न होता. अलोन्झो चर्च आणि ट्युरिंग यांनी 1936 मध्ये स्वतंत्रपणे दाखवले की अशी रीत असू शकत नाही. ट्युरिंग यांच्या विचाराचे आज शिकवले जाणारे रूप असे: एखादा प्रोग्राम चालू केला आणि तो थांबला, तर तो थांबतो हे कळले, पण तो अजून थांबलेला नाही एवढ्यावरून तो थांबणारच नाही असे म्हणता येत नाही, आणि कोणत्याही प्रोग्रामबद्दल हा निवाडा अचूक देणारा सर्वसाधारण प्रोग्राम लिहिताच येत नाही. ‘अजून उत्तर नाही’ आणि ‘उत्तर नकारार्थी आहे’ यांतील अंतर उपकरणाच्या उणिवेमुळे पडले असते तर चांगल्या उपकरणाने ते भरून निघाले असते. ते भरून निघत नाही, याची सिद्धता आहे. ज्या शास्त्राच्या पायात हे प्रमेय आहे त्याच्या पदवीधराने ‘नोंद आढळली नाही’ याला ‘नाही’ समजावे, हे मला विचित्र वाटते.

जालना_पॅनेलवाला

रिले पॅनेल शॅनन यांच्या आधीपासून बांधली जात होती. टेलिफोन एक्स्चेंज चालत होते, लिफ्ट चालत होत्या. लॅडर ही वायरमनच्या नकाशातून आलेली भाषा आहे, आणि पीएलसी आले तेव्हा त्यांनी ती उचलली कारण फॅक्टरीतल्या माणसाला तीच वाचता येत होती. शॅनन यांनी चालू असलेल्या कामाचा हिशेब सुटसुटीत करून दिला, ही मोठी गोष्ट आहे, पण ती नंतरची आहे.

थांबण्याच्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर तो आमच्याकडे वॉचडॉग टायमर सोडवतो. ठरलेल्या मिलिसेकंदांत पीएलसीची फेरी पुरी झाली नाही की ती बंद पाडली जाते. आणखी थोडा वेळ दिला असता तर ती पुरी झाली असती की नसती, हे मी विचारतच नाही, आणि न विचारल्यामुळे माझे कधी अडलेले नाही. सेन्सर माखण्याबद्दलचा मुद्दा मात्र मान्य. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी आम्ही दोन सेन्सर लावतो.

कयाधू, हिंगोली

मला धास्ती वेगळी आहे. ‘आपल्याकडे हे सातव्या शतकातच होते’ या वाक्याने सुरू झालेली चर्चा कोठे जाऊन थांबते हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने 1985 मध्ये एक लेख लिहून संस्कृत शास्त्रग्रंथांतील वाक्यविश्लेषणाची पद्धत आणि यंत्रासाठी ज्ञान मांडण्याची पद्धत यांतील साम्य दाखवले. लेखक नासाच्या केंद्रात काम करीत होते, एवढ्या धाग्यावरून ‘नासाने संस्कृतला संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरवले’ अशी आवई उठली आणि ती आजही स्नेहसंमेलनांच्या भाषणांत ऐकू येते. उद्या योग्यानुपलब्धीचेही तेच होईल. ई-पॉस यंत्र आहे तसेच राहील आणि आपण छाती फुगवून घरी जाऊ.

मुख्य आक्षेप असा. ‘जे नोंदलेले नाही ते खोटे धरावे’ या गृहीतकाची चिकित्सा संगणकशास्त्रात झालेली आहे. रेमंड रायटर यांनी 1978 मध्ये त्याला बंदिस्त जगाचे गृहीतक म्हटले आणि ते कोठे चालते हे सांगितले. त्याच वर्षी कीथ क्लार्क यांनी तर्काधारित प्रोग्रामिंगमध्ये ‘सिद्ध करता आले नाही म्हणून नकार’ या नियमाला आधार दिला. एसटीच्या वेळापत्रकात दुपारी 4 ची गाडी नसेल तर ती नाहीच, कारण वेळापत्रक पूर्ण असते असे आपण धरतो. गावातील विहिरींच्या यादीत एखादी विहीर नसेल तर ती नाहीच, असे कोणी म्हणणार नाही. हे सर्व संगणकाच्याच पुस्तकांत आहे. विद्यार्थ्याला ते नीट शिकवा. त्यासाठी निराळ्या विषयाची, निराळ्या प्राध्यापकाची आणि कुमारिलभट्टाची आवश्यकता काय?

तेरणाकाठ, लातूर

कयाधू यांची धास्ती रास्त आहे, म्हणून स्पष्ट करतो: आधी कोणी शोधले हा माझा मुद्दा नाही. रायटर यांनी मीमांसा वाचली नव्हती आणि वाचायची गरजही नव्हती. माझा मुद्दा असा की त्यांनी घातलेली अट आणि भाट्टांनी घातलेली अट एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात, पण रायटर यांची अट यादीपुरती आहे. यादी पूर्ण आहे का, एवढेच ती विचारते. अंगठ्याच्या बाबतीत यादी पूर्णच आहे. बाईचे नाव शिधापत्रिकेवर आहे, ठसाही नोंदलेला आहे. अपूर्ण आहे ते पाहणे. म्हणून यादीच्या पुस्तकातला धडा येथे पुरत नाही.

धर्मकीर्तीचे उदाहरण मला याच कारणासाठी उपयोगाचे वाटते. वेरूळची बौद्ध लेणी खोदली जात होती साधारण त्याच शतकातला हा बौद्ध तार्किक. मीमांसकांशी त्याचा उभा दावा. वेदांचे प्रामाण्य, आत्मा, शब्दाची नित्यता, कशावरही एकमत नाही. अनुपलब्धी स्वतंत्र प्रमाण आहे हेही त्याला मान्य नाही, तो तिला अनुमानात घालतो. पण अट मात्र तोही घालतो: जे दिसण्याजोगे आहे त्याचेच न दिसणे ग्राह्य. त्याच्या परंपरेत यासाठी पिशाच्चाचे उदाहरण देतात. समोर पिशाच्च दिसत नाही एवढ्यावरून ते नाही असे सिद्ध होत नाही, कारण पिशाच्च असलेच तर ते अदृश्य असते असे मानणाऱ्याशी तुमचा वाद चालू आहे. पिशाच्च आहे असे धर्मकीर्ती म्हणत नाही. तो इतकेच म्हणतो की तुमचा हेतू, म्हणजे पुढे केलेले कारण, कच्चा आहे, दुसरा आणा. निष्कर्ष आपल्याला हवा तो असतानाही कच्चा हेतू फेकून देण्याची ही शिस्त मला विद्यार्थ्यांत हवी आहे, आणि ती प्रोग्रामिंगच्या तासाला येत नाही, कारण तेथे उत्तर बरोबर आले की हेतूची चौकशी थांबते.

जालन्याच्या मित्राचा वॉचडॉग मला आवडला. पण तो प्रश्न सोडवत नाही. उत्तर न मिळताच काय करायचे ते ठरवून मोकळा होतो. ती माहिती नसून निवड आहे.

सिंदफणा, बीड

आमच्या बायकांच्या अंगठ्यावर येथे बरीच विद्वत्ता खर्च झाली म्हणून लिहिते आहे. मी ऊसतोड कामगारांच्या प्रश्नांवर काम करते. धान्य नाकारले जाते ते कोणी योग्यानुपलब्धीत कच्चा राहिला म्हणून नव्हे. ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, अशा केंद्राच्या सूचना 2017 पासून आहेत. म्हणजे न जुळण्यावरून काही सिद्ध होत नाही हे कागदावर मान्य झालेले आहे. आधारच्या खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला. योजना टिकली, पण ठशांची जुळणी ही संभाव्यतेची गोष्ट आहे आणि तिच्या चुकांची किंमत दुबळ्यांना मोजावी लागते, हे न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या भिन्नमतात लिहिलेले आहे. तत्त्वज्ञान सांगून झालेले आहे. पुढे काय?

पुढे असे की जुळणीची मर्यादा वर नेली तर खोटा माणूस आत येण्याची शक्यता घटते आणि खरा माणूस बाहेर राहण्याची वाढते. खाली आणली तर उलट. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारी मर्यादा नसते. मग कोणाची चूक सोसायची हे कोणीतरी ठरवलेले असते. चोरीला गेलेल्या पोत्याचा हिशेब होतो, कारण पोते कोणाच्या तरी खाती असते. येऊन रिकाम्या हाताने परत गेलेल्या बाईचा हिशेब होईल तर कसा? महिनाअखेरीस जे धान्य उचलले गेले नाही त्यात न आलेले किती आणि येऊन परत गेलेले किती, हे वेगळे काढले नसेल तर तिचे येणेसुद्धा झालेले नसते. तिने मुकादमाची उचल फेडली, सहा महिने कारखान्यावर पालात काढले, आणि गावच्या कागदावर ती ‘न आलेली’.

तुमच्या विद्यार्थ्याला हे कळले तरी तो जेथे नोकरीला लागेल तेथे मर्यादा त्याच्या हातात नसेल.

डेटाबेसवाली, छत्रपती संभाजीनगर

मूळ लेखकाला असे वाटते आहे की ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ असे तिसरे मूल्य शिकवले की काम झाले. आमच्या क्षेत्रात ते तिसरे मूल्य केव्हापासून आहे, आणि त्याने काय झाले ते सांगते.

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये संबंधात्मक, म्हणजे तक्त्यांत माहिती ठेवणाऱ्या, डेटाबेसची कल्पना मांडली आणि पुढे रिकाम्या जागेसाठी ‘नल’ आणि त्याबरोबर तीन मूल्यांचे तर्कशास्त्र आणले. आज एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) वापरणाऱ्या प्रत्येक डेटाबेसमध्ये ते आहे. दोन नल समान आहेत का असे विचारले तर उत्तर ‘होय’ही येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही. आता समजा, ज्यांना अनुदान मिळाले त्यांच्या यादीत नसलेले शेतकरी शोधायचे आहेत, म्हणून तुम्ही ‘नॉट इन’ वापरून क्वेरी लिहिली. मिळालेल्यांच्या यादीत हजारो क्रमांक आहेत आणि एका ओळीत क्रमांक भरायचा राहिला आहे, म्हणजे नल आहे. क्वेरी शून्य ओळी देते. कोणीही वंचित नाही, असे पडद्यावर दिसते. यंत्राचा तर्क निर्दोष असतो: यादीत एक क्रमांक अज्ञात आहे, तो या शेतकऱ्याचा असू शकेल, म्हणून हा यादीत नाही असे खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून तो दाखवला जात नाही. तिसरे मूल्य आत आहे, नियमाप्रमाणे चालते आहे, आणि बाहेर आलेला अहवाल धडधडीत खोटा आहे. ख्रिस डेट यांच्यासारख्या जाणकारांनी नलला कायम विरोध केला तो उगाच नव्हे.

कारण असे की निर्णय दोनच असतात. धान्य दिले किंवा दिले नाही. अनुदान जमा झाले किंवा झाले नाही. तक्त्यात तुम्ही तीन मूल्ये ठेवा, सात ठेवा. काउंटरवर त्यांची दोन होणारच. अनर्थ होतो तो या शेवटच्या पायरीवर, आणि तिच्याविषयी तुमची अनुपलब्धी गप्प आहे.

कोरी_पाटी, नांदेड

मी विद्यार्थी आहे. एकच शंका. चॅटजीपीटीसारख्या साधनांच्या बाबतीत गोष्ट उलटी वाटते. तेथे ‘आढळले नाही’ असे उत्तर क्वचितच येते. आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द काढत जाणे हीच रीत असल्यामुळे, माहिती नसेल तेथेही सुबक वाक्य तयार होते. आम्हाला ‘नाही’ असे खोटे सांगणाऱ्या यंत्रापासून सावध राहायला शिकवायचे की ‘आहे’ असे खोटे सांगणाऱ्या?

पूर्णाकाठ, परभणी

दोन्हींपासून. पहिले यंत्र न दिसण्याला नसणे समजते. दुसऱ्याकडे न दिसणे नावाची अवस्थाच मुळात नाही, ती बाहेरून जोडावी लागते. म्हणून साधनाला आधी शोध घ्यायला लावून मग उत्तर देण्याच्या रचना लोक करीत आहेत. पण शोध जोडला की ‘शोधात आढळले नाही’ हा जुना प्रश्न मागच्या दाराने परत येतो.

डेटाबेसवालींच्या शेवटच्या परिच्छेदावर मात्र माझ्याकडे तयार उत्तर नाही.

जालना_पॅनेलवाला

माझ्याकडे आहे, कारण शेवटची पायरी हेच आमचे रोजचे काम. शंका आली तर कोणत्या बाजूला पडायचे हे आधी ठरवून तारा त्याप्रमाणे ओढायच्या असतात. मिलमध्ये शंका आली की थांबणे ही सुरक्षित बाजू, म्हणून स्टॉप बटण एनसी. पण सगळीकडे थांबणे सुरक्षित नसते. भट्टीच्या गुंडाळीला थंड ठेवणारा पाण्याचा पंप शंकेवरून थांबवलात तर गुंडाळी जळेल आणि स्फोटाचा धोका उभा राहील. तेथे शंका आली की पंप चालू ठेवायचा आणि भोंगा वाजवायचा. एकाच मिलमध्ये, एकाच पॅनेलवर, दोन उलट नियम. कोणता कोठे, हे एकेक बिघाड घेऊन ‘असे झाले तर कोणाला लागेल’ असे विचारून ठरते, आणि त्या बैठकीत यंत्रावर उभा राहणारा माणूस असावा लागतो. रेशनच्या दुकानात शंका आली की धान्य द्यायचे आणि नोंद तपासणीसाठी लाल करायची, हे मला पंपासारखे सरळ दिसते. एक पोते चुकीच्या घरी जाणे आणि एक घर उपाशी राहणे यांत कोणती गुंडाळी जळते हे सांगायला शास्त्री नको.

तेरणाकाठ, लातूर

तुम्ही आत्ता जे सांगितलेत त्याला नीतिशास्त्र म्हणतात. न जुळण्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य झाल्याशिवाय ‘शंका’ नावाची अवस्थाच निर्माण होत नाही आणि बाजू निवडण्याची वेळही येत नाही. डेटाबेसवालींना माझे उत्तर इतकेच की ज्ञानमीमांसा निर्णय देणार नाही, पण निर्णय घ्यावा लागणार आहे हे उघड करील. आज तो घेतला जातो आणि यंत्राच्या नावावर खपवला जातो.

सिंदफणा, बीड

‘त्या बैठकीत यंत्रावर उभा राहणारा माणूस असावा लागतो’ हे जालन्याच्या भाऊंचे वाक्य मी उचलते. ई-पॉसची मर्यादा ठरली त्या बैठकीत एखादी कोयतेवाली असती तर तिने तिसरे मूल्य मागितले नसते. दुसरे बोट, घरातला दुसरा माणूस, नाहीतर सरळ वहीवर सही, यांपैकी काहीतरी मागितले असते, आणि दुकानदाराने ते टाळले तर तक्रार कोणाकडे करायची ते विचारले असते. अभ्यासक्रमात घालायचेच असेल तर मुलांना मार्चनंतर एखाद्या दुकानापुढे रांगेत उभे करा, आणि परत पाठवलेल्यांची यादी त्यांच्याकडून लिहून घ्या.

जालना_पॅनेलवाला

नीतिशास्त्र म्हणा, काही म्हणा. माझी सूचना एवढीच की हा धडा इन्स्ट्रुमेंटेशनच्या प्रयोगशाळेत व्हावा, आणि ज्याच्या हातून एकदा तरी मोटार जळाली आहे अशा माणसाने तो घ्यावा.

कयाधू, हिंगोली

एका धड्याला माझी हरकत नाही. एका सत्राला आहे, आणि ती कायम ठेवतो. सत्र झाले की विषय होतो, विषय झाला की लातुरात त्याचे गाइड निघते, आणि तिसऱ्या वर्षी प्रश्नपत्रिकेत ‘योग्यानुपलब्धीची व्याख्या लिहून दोन उदाहरणे द्या, 5 गुण’ असा प्रश्न येतो. त्यात घटाचे एक उदाहरण असेल आणि अंगठ्याचे दुसरे, आणि दोन्ही पाठ केलेली असतील.